आयर्लंडच्या जुन्या पबमध्ये संगीत ऐकायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला, नोकरीला किंवा फिरायला आयर्लंडला गेलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सारखे येतात. उत्तरं वस्तीतल्या, गावातल्या जुन्या पबबद्दल आहेत. पर्यटकांसाठी सजवलेल्या, मोठ्या पडद्यावर फुटबॉल दाखवणाऱ्या बारचे नियम वेगळे असतात, किंवा नसतातच.

‘सेशन’ म्हणजे नेमकं काय? कार्यक्रम असतो का?

नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. सेशन ही पारंपरिक आयरिश संगीत वाजवणाऱ्यांनी स्वतःसाठी जमवलेली बैठक असते. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती ते तोंडं आत करून बसतात, त्यामुळे काहींची पाठ तुमच्याकडे येते. मंच नसतो, माइक बहुतेक वेळा नसतो, निवेदन तर नसतंच. आपल्या गावातलं भजनी मंडळ बसतं तसंच काहीसं: ज्याला येतं तो मध्ये बसतो, बाकीचे भोवती टेकून ऐकतात.

साधारणपणे पबमालक दोन-तीन वादकांना ठरावीक मानधन देऊन बोलावतो. बैठक सुरू करणं आणि चालू ठेवणं हे त्यांचं काम. बाकीचे आपापली वाद्यं घेऊन हौसेने येतात.

पबमधली ही बैठक लोकांना वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी हे संगीत घरच्या स्वयंपाकघरात, चव्हाट्यावर आणि नाचाच्या रात्री वाजायचं. 1935च्या कायद्याने परवान्याशिवाय सार्वजनिक नाच भरवायला बंदी आली आणि घरोघरच्या नाचांवरही गदा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला मजुरीला गेलेले आयरिश लोक तिथल्या पबमध्ये जमून वाजवू लागले. पुढे 1950 आणि 60च्या दशकांत तीच रीत मायदेशी रुजली.

खरा जुना पब ओळखायचा कसा?

दारावर बहुधा घराण्याचं आडनाव असतं. आत लाकडी काउंटर, कमी उजेड, थंडीत पेटलेली शेगडी, आणि टीव्ही असलाच तर संगीताच्या वेळी बंद किंवा मुका. काउंटरच्या टोकाला लाकडी आडोशाची छोटी खोली दिसली तर ती ‘स्नग’. बायकांनी उघडपणे पबमध्ये बसणं शिष्टसंमत नव्हतं तेव्हा त्या इथे बसत. आज तिथे कोणीही बसू शकतं आणि चार जणांना गप्पा मारायला त्याहून चांगली जागा नाही. गावाकडच्या काही पबमध्ये अजून दुकानाचे खण दिसतात, कारण एकाच छताखाली किराणा, चामड्याचं सामान आणि दारू विकायची जुनी पद्धत होती. डिंगलमधल्या डिक मॅक्समध्ये चामड्याच्या कामाची बाजू आजही पाहता येते.

संगीताची पाटी मात्र नीट वाचा. ‘ट्रॅड सेशन’ (ट्रॅड म्हणजे ट्रॅडिशनल, पारंपरिक) लिहिलं असेल तर आपण ज्याबद्दल बोलतोय ते. नुसतं ‘लाइव्ह म्युझिक’ असेल तर बहुधा गिटार, स्पीकर आणि सगळ्यांना पाठ असलेली गाणी. त्यातही मजा आहे, पण ती वेगळी.

कुठे जावं?

डब्लिनमध्ये स्मिथफील्डचं कॉबलस्टोन सगळ्यात आधी. 2021मध्ये या पबच्या वर आणि भोवती हॉटेल उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि शेवटी महापालिकेने परवानगी नाकारली. मेरियन रोवरचं ओडॉनहूज हे ‘द डब्लिनर्स’ या लोकसंगीताच्या गटाचं मूळ ठिकाण. गर्दी असते, पण संगीत रोजचं. टेंपल बार या पर्यटकांच्या भागात शनिवारी रात्री जाऊन ‘इथे पारंपरिक काही ऐकायलाच मिळालं नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. तो भाग त्यासाठी नाहीच.

गॉलवेत टी कोली आणि क्रेन बार. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टला मॅट मलॉयज, म्हणजे ‘चीफटन्स’ या पारंपरिक संगीताच्या गटातल्या बासरीवादकाचा पब. या संगीताचं माहेर मात्र क्लेअर परगणा. डूलिनसारख्या एवढ्याशा गावात गस ओकॉनर्स, मॅकगॅन्स आणि मॅकडरमॉट्स चालत्या अंतरावर आहेत, आणि उन्हाळ्यात रोज रात्री कुठे ना कुठे वाजत असतं. हिवाळ्यात तिथे जायचं तर शनिवार-रविवार धरा.

जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमधल्याच मिलटाउन मॉल्बेला विली क्लॅन्सी समर स्कूल हे पारंपरिक संगीताचं शिबिर भरतं, 1973पासून. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक पबमध्ये सेशन असतं, आणि राहायची जागा महिनोन्‌महिने आधी संपलेली असते. ऑगस्टमधला फ्लाह केओल हा राष्ट्रीय महोत्सव 1951मध्ये मलिंगारला सुरू झाला. तो दरवेळी एकाच गावात नसतो, त्यामुळे आधी ठिकाण पाहून घ्या.

कोणत्या दिवशी, किती वाजता पोहोचावं?

मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवार-शनिवारच्या कोलाहलात नाजूक वाद्यं ऐकूच येत नाहीत. 17 मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, गर्दी पाहायची हौस असेल तरच जा.

रात्रीचं सेशन साधारण साडेनऊला सुरू होतं, आणि ‘साडेनऊ’ म्हणजे वाद्यं पेटीतून बाहेर यायला पावणेदहा. बसायला जागा हवी असेल तर साडेआठला आत असा. शहरांत संध्याकाळी पाच-सहाचं एक आणि रात्रीचं एक अशी दोन सेशन्सही होतात, रविवारी दुपारीही बऱ्याच ठिकाणी असतं. पबच्या फेसबुक पानावरचं वेळापत्रक जुनं असण्याची शक्यता दाट, म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करा. फोन उचलणाऱ्याला आज कोण वाजवणार हेही बहुतेक ठाऊक असतं.

पबची कायदेशीर वेळ सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकरापर्यंत, शुक्रवार-शनिवार साडेबारापर्यंत, रविवारी अकरापर्यंत. त्यानंतर हातातला ग्लास संपवायला अर्धा तास मिळतो. उशिरापर्यंतचा खास परवाना असलेले पब जास्त वेळ चालतात. नाताळच्या दिवशी सगळं बंद. गुड फ्रायडेची बंदी 2018मध्ये उठली.

तिकीट असतं का?

पुढच्या खोलीतल्या सेशनला नसतं. मागच्या किंवा वरच्या खोलीत वेगळी मैफल असेल तर तिचं असतं.

कुठे बसू नये?

भिंतीलगतचं कोपऱ्यातलं टेबल सातपासून रिकामं दिसेल आणि तुम्हाला वाटेल, वा, काय जागा मिळाली! ती वादकांची जागा. कधी छोटी पाटी असते, कधी नुसती फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी, कधी काहीच नाही. काउंटरवर एकदा ‘इथे बसलं तर चालेल ना?’ असं विचारून टाका. वादकांच्या टेबलावर आपला ग्लास ठेवू नका आणि बाकावर ठेवलेल्या वाद्याला हात लावू नका. ऐकण्यासाठी उत्तम जागा त्या टेबलापासून दोन-तीन हातांवर, थोडी बाजूला. अगदी जवळ बसलात तर मात्र गप्पांना रजा द्या. दंगा करायचा असेल तर काउंटरचं दुसरं टोक मोकळं असतंच.

ऑर्डर कशी द्यायची? टेबलावर बसून वाट पाहिली तर कोणी येत नाही!

येणारही नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी बारमनच्या डोक्यात ती असते. कोण आधी आलं हे तो बरोबर लक्षात ठेवतो. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, हाका मारणं यांनी तुमचा नंबर मागे जातो. नजर मिळाली की मान हलवली, एवढं पुरतं.

चार जणांसाठी वेगवेगळं मागायचं असेल तर गिनेस (इथली काळी बिअर) सगळ्यात आधी सांगा, कारण ती भरायला दोन मिनिटं लागतात. कोरड्या ग्लासात, ग्लास साधारण 45 अंश तिरका धरून, तीन-चतुर्थांश भरली की बारमन तो बाजूला ठेवून देतो. आत नायट्रोजनचे बारीक बुडबुडे कडेने खाली जाताना दिसतात आणि तपकिरी ढग हळूहळू काळा होत जातो. वर साईसारखा फेस जमला की ग्लास सरळ धरून उरलेला भाग भरतात. नवखे लोक नेमके या मधल्या विश्रांतीत ग्लास उचलतात. बारमन काही बोलत नाही, पण अर्धवट भरलेली पाइंट घेऊन तुम्ही निघालेले असता. तो स्वतः तुमच्या पुढ्यात सरकवेपर्यंत हात लावू नका.

पाइंट म्हणजे 568 मिलिलीटर. अर्धी हवी असेल तर ‘अ ग्लास ऑफ गिनेस’ म्हणा; इथे ग्लास म्हणजेच अर्धी पाइंट. गिनेसमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के, म्हणजे रंगावरून वाटते तेवढी ती जड नाही. कॉर्क शहरात मात्र मर्फीज किंवा बीमिश मागून पाहा. तिथल्या लोकांना आपल्या स्टाउटचा, म्हणजे अशा काळ्या बिअरचा, अभिमान आहे. व्हिस्कीचं माप 35.5 मिलिलीटर, म्हणजे आपल्या 30च्या पेगपेक्षा किंचित मोठं. पाण्याचा जग मागितला की मिळतो. गारठलेल्या रात्री ‘हॉट व्हिस्की’ मागा: गरम पाणी, साखर आणि लवंगा टोचलेली लिंबाची चकती. ओळखीची चव लागेल.

डब्लिनमधल्या साध्या वस्तीत पाइंटला सहा-सात युरो धरा, टेंपल बार भागात बरेच जास्त. काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर जेवण आणून दिलं तर दहा टक्के ठीक. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी गावाकडे जाताना खिशात थोडे युरो असू द्या.

‘राउंड’चं गणित काय असतं?

चौघं एकत्र आलात तर प्रत्येकाने आळीपाळीने चौघांसाठी घ्यायचं. पहिल्या फेरीत कोणी तुमच्यासाठी आणलं की तुम्ही त्या गटात धरले गेलात. आपली पाळी यायच्या आत निघून जाणं हा इथला सगळ्यात वाईट बोभाटा, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. अडचण अशी की वेग ठरवतो सगळ्यात भरभर पिणारा, आणि सवय नसलेला माणूस तिसऱ्या फेरीत गारद होतो. म्हणून सुरुवातीलाच ‘मी माझं माझं घेईन’ असं सांगून मोकळे व्हा. कोणी वाईट मानत नाही. किंवा तुमच्या वाट्याला अर्धी पाइंट मागा. दारू पीत नसाल, तरी राउंडमध्ये असाल तर तुमची फेरी चुकवायची नाही.

मी दारू पीत नाही. जाऊ का?

खुशाल जा. गिनेसची 0.0 आता जवळपास सगळीकडे मिळते. थंड पेयांना इथे ‘मिनरल्स’ म्हणतात. संत्रं-लिंबाचं मिश्रण हवं असेल तर ‘रॉक शँडी’. चहा-कॉफी दिवसा सहज मिळते, रात्री गर्दीच्या वेळी मागितलीत तर बारमनचा चेहरा पाहून घ्या. मात्र काहीच न घेता तीन तास जागा अडवू नका. संगीत फुकट आहे, पण वादकांचं मानधन काउंटरच्याच गल्ल्यातून निघतं.

शाकाहारी माणसाने काय खावं?

खरं सांगायचं तर जेवून जा. अनेक जुन्या पबमध्ये स्वयंपाकघरच नसतं, आणि जिथे असतं तिथे ते रात्री नऊच्या सुमारास बंद होतं. ‘टोस्टेड स्पेशल’ या भाजलेल्या सँडविचमध्ये हॅम असतं. ‘फक्त चीज, कांदा, टोमॅटो’ असं सांगितलं की करून देतात. भाज्यांचं सूप आणि सोडा घालून केलेला ब्राउन ब्रेड बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण सूपचं पाणी अनेकदा चिकनचं असतं, तेव्हा विचारा. चिप्स, म्हणजे इथे फ्रेंच फ्राइज, मासे तळलेल्या तेलातच तळलेले असू शकतात. सीफूड चाउडर या माशांच्या दाट सूपमध्ये कधी कधी बेकनचे तुकडे सापडतात, म्हणजे मासे चालणाऱ्यांनीही चौकशी केलेली बरी. आयरिश स्ट्यू मेंढीच्या मटणाचं, गिनेस घातलेलं स्ट्यू बीफचं. काहीच नाही जमलं तर ‘टेटो’ कंपनीच्या बटाटा वेफर्सचं पाकीट आहेच.

गिनेस गाळायला पूर्वी माशांपासून काढलेला आयझिंगग्लास वापरायचे. काही वर्षांपूर्वी गाळण्याची पद्धत बदलली, त्यामुळे ती शंका आता नको.

मुलांना नेता येईल का?

पालकांबरोबर रात्री नऊपर्यंत. मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत. त्यानंतर मालक तुम्हाला उठायला सांगेल आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण परवाना त्याचा जातो. मुलं बरोबर असतील तर संध्याकाळचं किंवा रविवार दुपारचं सेशन गाठा. दारू पिण्याचं वय 18. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. सिगारेट आत नाही: 29 मार्च 2004पासून संपूर्ण बंदी आहे, आणि असं करणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश.

ऐकू काय येतं? सगळं सारखंच वाटतं.

पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनाच वाटतं. यावर उपाय म्हणजे मोजणं.

एक ‘ट्यून’ बहुतेक दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवायचा. असे 32 खंड झाले की एक आवर्तन. ती ट्यून दोन-तीन वेळा वाजवून, मध्ये न थांबता, दुसरीत शिरतात, मग तिसरीत. दोन-तीन ट्यून्सचा हा ‘सेट’ चार-पाच मिनिटं चालतो. बदलाच्या क्षणी सेट सुरू करणारा मान वर करतो किंवा ‘हप!’ असा आवाज टाकतो. पुढची ट्यून कोणती हे कधी कधी बाकीच्यांनाही माहीत नसतं. दोन-तीन सूर ऐकून ते तिच्यात उडी घेतात. तेवढाच क्षण एखादी फिडल एकटी ऐकू येते आणि लगेच अख्खं टेबल तिच्यात मिसळतं. सेशनमधला हा सगळ्यात सुंदर क्षण, आणि बोलत बसलेल्यांच्या हातून नेमका तोच निसटतो.

लयीवरून प्रकार ओळखता येतात. रील चारच्या अंगाने धावते आणि सगळ्यात जास्त वाजते. जिग 6/8, दादऱ्याच्या सहा मात्रा मोजा म्हणजे बसेल. स्लिप जिग 9/8, तीन-तीनचे तीन गट. हॉर्नपाइप डुलत, ठसक्यात चालते. पोल्का आणि स्लाइड भरपूर ऐकू आल्या तर वादक बहुधा कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूखरा भागाच्या वळणाचे.

आपल्या कानाला खटकणारी गोष्ट अशी की इथे आलाप नाही, तान नाही, एकट्याला मोकळं रान नाही. सगळे एकच चाल एकत्र वाजवतात. कलाकुसर असते ती सुरांना दिलेल्या बारीक टिचक्या आणि वळशांत. ती ऐकायला एकाच वाद्यावर कान ठेवा. फिडल, लाकडी बासरी, टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी), बटणांचं अकॉर्डियन आणि बँजो चाल वाजवतात. गिटार आणि बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य साथीला. बकऱ्याच्या कातड्याचा, गोल लाकडी कड्याचा ढोल म्हणजे बौरान. तो एका वेळी एकच असावा असा संकेत आहे.

इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, दिसल्या तर जागा सोडू नका. स्कॉटिश बॅगपाइपसारख्या त्या तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखालचा भाता दाबून हवा भरतात, दुसऱ्या हाताखालच्या पिशवीतून ती सोडतात, चाल वाजवायची नळी मांडीवर टेकवतात आणि वर मनगटाने स्वरसंगतीच्या चाव्या दाबतात. भात्यातल्या कोरड्या हवेमुळे आतल्या रीड, म्हणजे सूर काढणाऱ्या पात्या, चांगल्या टिकतात, पण तापमान बदललं की सूर हलतो, म्हणून वादक दर सेटनंतर काहीतरी खुटखुट करत बसलेला दिसतो. 2017मध्ये युनेस्कोने या वादनाची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

टाळ्या कधी वाजवायच्या? ठेका धरला तर चालेल?

सेट संपल्यावर टाळ्या. मध्ये ठेक्यावर टाळ्या वाजवू नका: गर्दीची टाळी हळूहळू पुढे पळते आणि लय ओढली जाते. पायाने हलका ठेका धरा, वादकही तेच करत असतात. फर्माईश टाळलेली बरी. सिनेमात ऐकलेलं आयरिश गाणं मागितलं की हसून ‘बघू’ म्हणतात, म्हणजे नाही.

अचानक ‘श्श्श’ असा आवाज आला आणि वाद्यं थांबली, तर कोणीतरी गाणार आहे. शॉन-नोस हे साथीविना, एकट्याने, बऱ्याचदा डोळे मिटून गायचं जुनं आयरिश गायन. तेव्हा काउंटरवरचा मोठमोठ्याने बोलणाराही गप्प होतो. तुमचा फोन त्या वेळी वाजू नये.

रेकॉर्डिंग करू का?

आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. फ्लॅश बंद. अख्खा सेट चेहऱ्यासमोर फोन धरून उभं राहणं कोणालाच आवडत नाही.

मला बासरी किंवा तबला येतो. सामील होऊ शकतो का?

त्या ट्यून्स येत असतील तर आनंदाने. येत नसतील तर नुसत्या सुरात सूर मिळवून नवीन काहीतरी गुंफणं इथे बसत नाही. तबल्याची अडचण अशी की तालवाद्याची जागा एकच असते आणि ती बहुधा भरलेली असते. पहिल्या रात्री वाद्य पेटीतच ठेवा, जवळ बसून ऐका, सेटच्या मधल्या वेळात बोला. कोणी ‘काढा की मग’ म्हणाल्यावरच काढा. सराव करायचा तर डी आणि जी पट्टीच्या ट्यून्सपासून सुरुवात करा, जास्तीत जास्त त्यांतच असतात. ‘द सेशन डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर हजारो ट्यून्सची स्वरलिपी फुकट आहे. कोल्तस या 1951पासूनच्या आयरिश संगीताच्या संस्थेच्या शाखा नवशिक्यांसाठी संथ लयीची सेशन्सही घेतात.

गाणं मात्र वेगळी गोष्ट. गाऊन झालेल्या माणसाला पुढचा गायक निवडायचा मान असतो, त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात. तो तुमच्याकडे वळला तर एखादा अभंग किंवा ओवी तीन मिनिटांत, साथीशिवाय म्हणा. अर्थ एका वाक्यात आधी सांगा. फोनवर कराओके लावून हिंदी गाणं नको.

वादकांना पाइंट पाजावी का?

चांगली रीत आहे. परस्पर टेबलावर नेऊन ठेवू नका. बारमनला सांगा, कोण काय पितो हे त्याला माहीत असतं, आणि अनेक वादक पीतही नाहीत.

एकट्या बाईने जावं का?

हो. काउंटरवर बसा, टेबलापेक्षा ते बरं. बारमनचं लक्ष असतं आणि शेजारचा माणूस हवामानावरून बोलायला सुरुवात करेल. उत्तर द्यायचं नसेल तर वादकांकडे वळून बसलं की तो समजतो.

स्वच्छतागृहाच्या पाट्या कळत नाहीत.

त्या अनेकदा आयरिश भाषेत असतात आणि हमखास चकवतात. एम अक्षराने सुरू होणारी पाटी बायकांची, एफ अक्षराने सुरू होणारी पुरुषांची. मेल-फीमेल असा अंदाज बांधून शिरलात तर उलट्या दारात जाल.

परतीचं काय?

गाडी चालवायची असेल तर पिऊ नका. मर्यादा 100 मिलिलीटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल, नवशिक्या आणि व्यावसायिक चालकांना 20. गावाकडे सेशन संपेपर्यंत बस संपलेली असते आणि टॅक्सी एकच असते, तीही आधीच कोणीतरी सांगून ठेवलेली. आत शिरल्याबरोबर बारमनकडून टॅक्सीवाल्याचा नंबर घ्या, किंवा चालत जाता येईल अशीच खोली घ्या. शेवटची ऑर्डर विचारताना दिवे उघडझाप करतात. काही गावांत सगळ्यात शेवटी राष्ट्रगीत वाजतं, तेव्हा उभं राहायचं.

बेलफास्टला जायचं तर हेच नियम का?

संगीत आणि रीत तीच. पण उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग: पैसे पौंडात, पबच्या वेळा आणि मुलांबाबतचे नियम वेगळे, आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाही वेगळा लागू शकतो. डब्लिनहून बसने जाताना सीमेवर चौकी दिसत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं समजू नका. वाटेत तपासणी होऊ शकते.